समारोपानंतरचं काम

दरवर्षी जुलै-ऑगस्टमध्ये महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे अर्ज निघतात. नोटीस बोर्डाजवळ नव्या पोरापोरींची गर्दी होते आणि दोन प्रश्न हमखास कानावर येतात. "ताई, तास किती भरावे लागतात?" आणि "शिबिराला जावंच लागते का?" दोन्हींची उत्तरं सरळ आहेत. दोन वर्षांत २४० तास, आणि सात दिवसांचं एक निवासी शिबिर. पण या तासांत माणूस घडतो कसा, हे अर्जावर छापलेलं नसतं.

मी अमरावतीजवळच्या बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत वाढले आणि इथंच शिकले. आधी स्वयंसेविका होते, पुढे विद्यार्थी प्रतिनिधी म्हणून पथक सांभाळलं. त्यातून जे हाती लागलं, ते पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवते आहे.

ही योजना गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, देशातल्या ३७ विद्यापीठांत सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांनिशी सुरू झाली. शिकणाऱ्या मुलांनी समाजाचं देणं शिकता शिकताच फेडावं, हा तिच्यामागचा विचार. छातीवर लावतो त्या बिल्ल्यावरचं चाक कोणार्कच्या सूर्यमंदिरातलं आहे. त्याचे आठ आरे म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, चोवीस तास. स्वयंसेवक कधीही हाकेला ओ देईल, असा त्याचा अर्थ आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितला जातो. तो अर्थ अंगी मुरायला मात्र बराच काळ लागतो.

१. कुदळ उचलण्याआधी गावाला विचारा

आमचं दत्तक गाव बडनेऱ्याहून फार लांब नाही. तिथं न्हाणीघरांमागं आणि सार्वजनिक नळाशेजारी सांडपाणी साचायचं. शिबिरात शोषखड्डे घ्यायचे, हे आधीच ठरलेलं होतं. तरीही शिबिराच्या कितीतरी आधी कार्यक्रम अधिकारी सरांनी आम्हा चार-पाच जणांना गावात पाठवलं. त्यांनी बजावलं होतं, "कशाला हात लावू नका. नुसतं विचारून या."

आपल्या वऱ्हाडातली काळी जमीन कपाशीला मानवते, पण सांडपाणी जिरवायला ती राजी नसते. ओली झाली की ती फुगते, तिच्यातल्या फटी बुजतात आणि पाणी वरच्यावर थांबतं. अशा जागी मीटरभर खड्डा घेऊन दगड भरले, तर थोड्याच दिवसांत तिथं डबकं होतं. हे आम्हाला एका आजोबांनी पायानं माती उकरून दाखवलं. "इथं खंदू नका बाप्पा. खाली समदी काळीच हाय, पानी जिरत नाही. तिकडं त्या बाभळीच्या अंगानं खंदा. थोडं खोल गेलं का मुरूम लागते." गावातल्या विहिरी खणताना त्यांनी उभं राहून पाहिलं होतं. कुठं काय लागतं, हे त्यांना पाठ होतं.

आम्ही जागा त्यांच्या सांगण्याप्रमाणे धरल्या आणि खड्डे मुरमापर्यंत नेले. तळाला मोठे दगड, त्यावर विटांचे तुकडे, त्यावर बारीक गिट्टी, सगळ्यात वर वाळू. पाणी थेट आत जाऊ न देता आधी भोकं पाडलेल्या मडक्यातून जाऊ दिलं, म्हणजे गाळ, केस, खरकटं मडक्यातच अडकतं आणि खड्डा तुंबत नाही.

त्याच फेरीत गावच्या आशा कार्यकर्त्या ताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली. शिबिरासाठी आम्ही आखलेला दुपारचा महिला मेळावा कागदावर छान दिसत होता, पण दिवस कापूस वेचणीचे होते. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. जी बाई दुपारी सभेला येईल, तिचा तेवढा कापूस बुडणार. म्हणून मेळावा रात्री, स्वयंपाकपाणी आटोपल्यावर, देवळाच्या ओट्यावर घेतला. बाया लेकरं मांडीवर घेऊन आल्या आणि जांभया आवरत शेवटपर्यंत बसल्या.

शिकलेल्या मुलाला उत्तरं देण्याची सवय असते. सेवेच्या कामात आधी प्रश्न विचारता यावे लागतात, आणि उत्तर ऐकून आपला कार्यक्रम बदलण्याची तयारी ठेवावी लागते.

२. पहिला झाडू पथकप्रमुखाचा

आमच्या विद्यापीठाला संत गाडगेबाबांचं नाव आहे. विद्यापीठ १ मे १९८३ ला स्थापन झालं. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा आणि वाशीम हे पाच जिल्हे त्याच्या कक्षेत येतात. बाबा आपल्याच मातीतले. २३ फेब्रुवारी १८७६ ला अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात त्यांचा जन्म झाला आणि २० डिसेंबर १९५६ ला अमरावतीकडे येत असताना वलगावजवळ, पेढी नदीच्या काठी त्यांनी देह ठेवला. त्यांच्या नावाचं प्रमाणपत्र भिंतीवर लावणाऱ्यानं त्यांची कामाची रीतही उचलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

बाबा गावात आले की दिवसा हातात झाडू आणि रात्री कीर्तन. हा क्रम त्यांनी कधी उलटा केला नाही. आधी गल्ली झाडायची, मग झाडलेल्या जागेवर उभं राहून बोलायचं. कीर्तनातही ते प्रश्न विचारायचे आणि उत्तर लोकांच्याच तोंडून वदवून घ्यायचे. कर्ज काढून सण करावा का, देवाला बकरं द्यावं का, पोराला शाळेत घालावं की नाही, हे लोक स्वतःच बोलून जायचे.

शिबिरात आम्ही हा क्रम पाळला. ज्याच्याकडं पथक, त्याच्याकडं पहिल्या दिवशी संडासांची सफाई. प्रतिनिधी झाल्यावर माझ्या वाट्याला ते आलं आणि मी ते आनंदानं केलं. त्याचा परिणाम दुसऱ्याच सकाळी दिसला. नालीत उतरायला कोणाला नाव घेऊन सांगावं लागलं नाही. संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला गावकरीही येऊन बसू लागले. यावलीत जन्मलेल्या आणि मोझरीला गुरुकुंज उभारणाऱ्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी घालून दिलेली ही प्रार्थनेची पद्धत आमच्या भागात घराघरांत ओळखीची आहे. एका सतरंजीवर गावचे पाटील, मजूर, आम्ही पोरंपोरी. दिवसभर आमच्या हातात खराटा पाहिलेला असल्यामुळे रात्रीचं आमचं बोलणं त्यांनी ऐकून घेतलं.

३. आयांचे प्रश्न लिहून घ्या

मुलीनं सात दिवस परगावी मुक्कामाला जायचं म्हटलं की आमच्याकडं घरात विचार सुरू होतो. झोपणार कुठं? सोबत मॅडम कोण? खोलीला आतून कडी आहे का? रात्री बाहेर जावं लागलं तर उजेड आहे का? पुष्कळ जण या प्रश्नांना अडथळा समजतात. आमच्या मॅडमनी आम्हाला ते वहीत उतरवून घ्यायला लावले.

दोन-दोन जणींनी जोडीनं मैत्रिणींच्या घरी जायचं, काकूंजवळ बसायचं आणि त्या जे विचारतील ते लिहायचं. जुन्या वस्तीत एका मैत्रिणीच्या आई म्हणाल्या, "धाडतो बाई तिले. पण संध्याकाळी तिचा आवाज तेवढा ऐकू द्या मले." आम्ही ते लिहून घेतलं. सगळ्या घरांतले प्रश्न एकत्र केले तेव्हा लक्षात आलं की शिबिराच्या व्यवस्थेची यादीच तयार झाली आहे. कडी, दिवा, पाण्याची टाकी, संडासाची वाट, जवळचं आरोग्य उपकेंद्र, संध्याकाळच्या फोनची वेळ. एकेक बाब पुरी करत गेलो आणि मुलींची संख्या वाढत गेली.

समारोपाच्या दिवशी त्याच आया गावात आल्या. आपली मुलगी माईक हातात धरून सरपंचांसमोर बोलते आहे, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. त्यानंतर त्या घरांतल्या धाकट्या बहिणींसाठी परवानगी मागायला आम्हाला जावं लागलं नाही. मुलींचं नेतृत्व घडवायचं तर सुरुवात त्यांच्या घराच्या उंबऱ्यापासून करावी लागते, आणि तिथं भांडणापेक्षा भरवसा उपयोगी पडतो.

४. जो बोलत नाही त्याला काम विचारा

निवडणूक असो की नियोजनाची बैठक, ज्याला बोलता येतं तो पुढं येतो. आमच्या पथकात एक मुलगा होता. बैठकीत तो मागं बसायचा आणि विचारलं तर "हाव" किंवा "नाही" एवढंच म्हणायचा. शेतकऱ्याचा पोरगा. गावाच्या नाल्यावर वनराई बंधारा घालायचं ठरलं तेव्हा त्याचं मोल कळलं.

बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या पोत्यांत माती-वाळू भरून ती पोती नाल्यात आडवी रचायची, असं ऐकायला वाटतं. त्यानं आम्हाला प्रत्यक्ष शिकवलं. पोतं तोंडापर्यंत भरायचं नाही. थोडं सैल ठेवलं की ते खालच्या पोत्यावर नीट बसतं आणि फटी राहत नाहीत. तोंड सुतळीनं शिवायचं. वरच्या थरातलं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं. तळाला रुंदी जास्त, वर कमी. पाण्याच्या बाजूनं काळ्या मातीचा लेप, कारण शोषखड्ड्याला नको असलेला तिचा गुण इथं कामाचा ठरतो. आणि हे सगळं पाऊस संपल्यावर, नाल्याला धार असतानाच करायचं. धार आटल्यावर बांधलं तर अडवायला पाणीच उरत नाही.

अशा कामात तंत्र किती मोलाचं असतं, हे आपल्या जिल्ह्यानं पाहिलं आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती फक्त तीन तालुक्यांत, आणि त्यातला एक आपला वरूड. दुसरे दोन साताऱ्यातलं कोरेगाव आणि बीडमधलं अंबाजोगाई. संत्र्याच्या बागांसाठी बोअरवेल खोल खोल जात असलेल्या वरूडमध्ये लोकांनी श्रमदान केलं. पण त्याआधी गावागावांतल्या निवडक माणसांना पाणलोटाचं प्रशिक्षण दिलं गेलं होतं. उतार कसा मोजायचा, चर कुठं आणि कसा खणायचा, हे शिकून मग कुदळी चालल्या. घाम गाळायची तयारी पुष्कळांची असते. तो योग्य जागी गाळला जावा, याची सोय पथकप्रमुखानं करायची असते.

त्या मुलाला आम्ही बंधाऱ्याचा गटप्रमुख केलं. भाषण त्यानं शेवटपर्यंत दिलं नाही. त्याची गरजही पडली नाही. पोतं कसं ठेवायचं, हे तो हातानं दाखवत राहिला आणि सगळे त्याच्या हाताकडं पाहत राहिले. नेमणूक करताना तेव्हापासून मी एक प्रश्न प्रत्येकाला वेगळं गाठून विचारत आले, "तुला कोणतं काम येतं?" बैठकीत न सापडणारी उत्तरं तिथं सापडतात.

५. गाडी थांबते तेवढाच आपला वेळ

बडनेरा हे जंक्शन. हावडा-नागपूर-मुंबई या मुख्य मार्गावरच्या गाड्या इथून जातात, अमरावतीला इथूनच फाटा जातो. मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांच्या घरात असतो तेव्हा जनरल डब्यातली माणसं पाण्यासाठी खाली उतरायलाही धजत नाहीत. जागा जाईल किंवा गाडी सुटेल, ही धास्ती. फलाटावर पाणी वाटणाऱ्या मंडळींना हातभार लावायला आम्ही सुट्टीत जायचो.

त्या कामानं मला नियोजन शिकवलं. गाडी काही मिनिटंच थांबते. तेवढ्यात खिडकीखिडकीतून रिकाम्या बाटल्या पुढं येतात. एकानं नळी धरायची, एकानं बाटल्या घ्यायच्या, एकानं भरलेल्या परत द्यायच्या, आणि कोणाची बाटली कोणाकडं गेली याकडं एकानं लक्ष ठेवायचं. जनरल डबे कुठं लागणार, हे गाडी येण्याआधी ठाऊक हवं, नाहीतर पाण्याची गाडी ओढत नेईपर्यंत शिट्टी होते. आधी लेकरांच्या आणि म्हाताऱ्यांच्या खिडक्या. सेल्फीसाठी तिथं सवड नसते. ज्याला पाणी मिळालं तो माणूस पुन्हा कधी भेटत नाही, आपलं नावही विचारत नाही. एकदा एक परप्रांतीय बाई चालत्या गाडीच्या खिडकीतून हात जोडून काहीतरी म्हणाल्या. भाषा कळली नाही, पण त्या उन्हात दुपारभर उभं राहायला तेवढं पुरलं.

पुढे परीक्षा असो, मुलाखत असो की घरातलं दुखणं, हाताशी वेळ थोडा आणि काम मोठं असलं की मी आधी कामं वाटून टाकते. ही सवय फलाटावरची.

६. परत पाठवलेल्यांची यादी जपा

रक्तदान शिबिर हा प्रत्येक पथकाचा नेहमीचा उपक्रम. किती बाटल्या जमल्या, हा आकडा फलकावर लागतो आणि त्याचं कौतुकही होतं. पण वही सांभाळण्याचं काम माझ्याकडं आलं, तेव्हा मला दोन गोष्टी दिसल्या.

पहिली ही की रक्त साठवून ठेवायला मर्यादा असते. तांबड्या पेशी साधारण ३५ ते ४२ दिवस टिकतात, प्लेटलेट्स जेमतेम पाच दिवस. पुरुषाला तीन महिन्यांनी आणि स्त्रीला चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. जानेवारीत एकाच दिवशी मोठं शिबिर घेतलं, तरी मे महिन्यात, महाविद्यालयं बंद असताना, रक्तपेढीला त्याचा उपयोग नसतो. आणि आपल्याकडं इर्विनला, म्हणजे जिल्हा सामान्य रुग्णालयात, अपघाताचे रुग्ण येतात, डफरीनला, म्हणजे जिल्हा स्त्री रुग्णालयात, बाळंतिणी येतात, सिकलसेलच्या लेकरांना वारंवार रक्त लागतं. म्हणून आम्ही दात्यांची वही केली. नाव, रक्तगट, फोन, शेवटचं रक्तदान कधी. उन्हाळ्यात कोणाला हाक मारायची, हे त्या वहीवरून ठरू लागलं.

दुसरी गोष्ट मला जास्त लागली. रक्त घेण्याआधी बोटातून एक थेंब घेऊन तो मोरचुदाच्या निळ्या द्रावणात सोडतात. थेंब बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, वर तरंगत राहिला तर दात्याला परत पाठवतात. मर्यादा १२.५ ची. रांगेत उत्साहानं उभ्या असलेल्या मुलींमागून मुलींचे थेंब तरंगत राहिले आणि त्या मान खाली घालून निघून गेल्या. त्यांची नोंद शिबिराच्या अहवालात कुठंच होत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. तो आकडा त्या दिवशी आमच्या रांगेत उभा होता.

आम्ही परत गेलेल्या मुलींची, त्यांना विचारून, वेगळी यादी केली. मॅडम आणि डॉक्टर यांच्या मदतीनं त्यांची तपासणी झाली, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. गोळीवर लगेच चहा नको, लिंबू चालेल. तीळ-गूळ, हिरव्या पालेभाज्या, हरभरे ताटात असू द्या. आणि घरात सगळ्यांना वाढून उरलेलं खाण्याची रीत सोडा, मुलगी असलात तरी पोटभर जेवा. हे बोलणं मुलींच्या वसतिगृहात, जमिनीवर बसून, हळूहळू झालं. काही महिन्यांनी त्यांतल्या एकीचा थेंब बुडाला तेव्हा रांगेतल्या सगळ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. रक्त तिनं नंतर दिलं, पण मला त्या टाळ्या जास्त मोलाच्या वाटतात. कोणत्याही उपक्रमात जे बाहेर राहिले, पुढचं काम त्यांच्यापासून सुरू करता येतं.

७. दया घरी ठेवा, ओळख करून घ्या

अमरावतीचं तपोवन आमच्यापासून फार लांब नाही. कुष्ठरोग्याला घरातून, गावातून हाकलून देण्याच्या काळात डॉ. शिवाजीराव ऊर्फ दाजीसाहेब पटवर्धनांनी १९४६ मध्ये ते उभं केलं. तिथं जाण्याआधी फळं, बिस्किटं काय न्यायची, यावर आमची चर्चा चालली होती. एका ज्येष्ठ कार्यकर्त्यांनी मध्येच विचारलं, "तिथं कोणाशी काय बोलणार, ते ठरवलं का?"

तपोवनाची उभारणी कामावर झाली. आजारानं बोटं झडलेल्या हातांनीही शेती करावी, विणावं, सुतारकाम करावं, आणि भीक न मागता आपल्या कष्टाचं खावं, हा दाजीसाहेब पटवर्धनांचा आग्रह होता. अशा जागी दात्याच्या तोऱ्यात जाणं शोभत नाही. आम्ही रिकाम्या हातांनी गेलो, बसलो आणि ऐकलं. कोणी आपल्या गावाविषयी सांगितलं, कोणी हातमागाविषयी. चहा आला तेव्हा आम्ही सगळ्यांनी तो घेतला. एका आजींनी आमच्यातल्या एकीला जवळ बसवून तिची वेणी नीट घातली.

कुष्ठरोग आज बहुविध औषधोपचारानं सहा ते बारा महिन्यांत पूर्ण बरा होतो आणि सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळतं. ही माहिती आम्ही नंतर पथनाट्यातून गावोगाव सांगितली. अंगावर न दुखणारा, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका, दवाखान्यात जा. ते सांगताना आमच्या आवाजात जो विश्वास होता, तो तपोवनातल्या त्या दुपारचा होता.

८. प्रमाणपत्र घ्या, आणि कागदही शिका

प्रमाणपत्रासाठी येणाऱ्या मुलांना नावं ठेवण्याची एक पद्धत आहे. मला ती मान्य नाही. कपाशीच्या दीड-दोन एकरांवर घर चालणाऱ्या मुलाला पुढच्या प्रवेशात किंवा नोकरीत त्या कागदाचा आधार मिळत असेल, तर त्यानं तो जरूर घ्यावा. फक्त तिथं थांबू नये.

या दोन-तीन वर्षांत मी ग्रामपंचायतीला अर्ज लिहायला शिकले. विषय, संदर्भ, मागणी एका पानात, आणि आपल्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठायचं नाही. जमाखर्चाची वही शिकले. किराणा, भाजी, वाहन, बॅनर, प्रत्येक पावतीला क्रमांक, आणि शेवटी सगळ्यांसमोर हिशेब वाचून दाखवायचा. सरपंच, तलाठी, ग्रामसेवक, आरोग्यसेविका यांपैकी कोणतं काम कोणाकडं, हे शिकले. पथनाट्यासाठी चौकात उभं राहून माईकशिवाय आवाज कसा पोचवायचा, हे शिकले.

यातली प्रत्येक गोष्ट घरात उपयोगी आली. आजीच्या निराधार योजनेचा अर्ज मी भरला. शेजारच्या काकूंचं रेशनकार्ड मी तहसीलमध्ये जाऊन दुरुस्त करून आणलं. कागद वाचता येणं ही आपल्या भागात मोठी ताकद आहे, आणि ती वापरायला कोणत्याही पदाची गरज नाही.

९. समारोपानंतर परत जा

आतापर्यंतचं सगळं ज्यावर टेकलेलं आहे, ते आता सांगते. शिबिर सात दिवसांचं असतं. समारोपाला पाहुणे येतात, फोटो निघतात, रडारड होते, बस निघते. गावाच्या दृष्टीनं खरं काम त्यानंतर सुरू होतं. शोषखड्ड्यातलं मडकं दर काही आठवड्यांनी उपसावं लागतं. बंधाऱ्यातलं एखादं पोतं फाटतं. लावलेल्या रोपांना मार्चपासून पाणी लागतं. मेळाव्यात नाव दिलेल्या बाईला बँकेत कोणीतरी सोबत लागतं.

आम्ही ठरवलं की महिन्यातून एका रविवारी आळीपाळीनं गावात जायचं. बॅनर नाही, नाश्ता नाही, फोटो नाही. खड्डे पाहायचे, रोपं मोजायची, घरोघरी विचारायचं. पहिल्या खेपेला एक आजी ओट्यावरून म्हणाल्या, "पुन्हा आल्या व्हय तुमी? कार्यक्रम तं झाला न?" त्यांच्या प्रश्नात गावानं पाहिलेली अनेक शिबिरं होती. येणारे येतात, करून जातात, परत कोणी फिरकत नाही, हा त्यांचा अनुभव. पुढच्या काही फेऱ्यांनंतर त्याच आजींनी खड्ड्यातलं मडकं स्वतः उपसून ठेवलं होतं आणि शेजारच्या दोन घरांनाही ते करायला लावलं होतं. जागा दाखवणारे आजोबा तर कोणता खड्डा नीट चालतो आणि कोणता नाही, याचा हिशेब तोंडीच द्यायचे.

माझ्या मते स्वयंसेवकाची वाढ इथं मोजावी. सात दिवस उत्साह टिकवणं सोपं असतं, कारण सोबत पन्नास जण असतात. रविवारच्या दुपारी दोघी-तिघींनी एसटीनं जाऊन मडकी तपासणं अवघड असतं. ते जमू लागलं की माणसाच्या शब्दाला वजन येतं. गाव ऐकतं, घरचे ऐकतात, आणि आपणही आपल्याला दिलेला शब्द पाळू लागतो.

त्यासाठी एक व्यवस्था मात्र लागते. प्रत्येक बॅच दोन-तीन वर्षांत निघून जाते, गाव तिथंच राहतं. म्हणून निघण्याआधी वही पुढच्या प्रतिनिधीच्या हाती द्यायची. कोणता खड्डा कोणाच्या घरामागं, कोणत्या घरी काय अडचण, दात्यांची यादी, परत गेलेल्या मुलींची यादी, ग्रामपंचायतीतल्या अर्जाची पोच. आणि वही नुसती द्यायची नाही. नव्या प्रतिनिधीला एकदा सोबत घेऊन गावात फिरायचं, घराघरांत तिची ओळख करून द्यायची. मी हे केलं, आणि माझ्यानंतर ज्या मुलीकडं काम आलं, तिनं वहीत माझ्यापेक्षा दोन रकाने जास्त आखले.

तेव्हा यंदा जे नाव नोंदवणार आहेत त्यांना माझं सांगणं एवढंच. तास भरतील, शिबिरही होईल. नाव नोंदवल्यावर पहिल्याच आठवड्यात दत्तक गाव कोणतं ते विचारा. मागच्या वर्षी तिथं काय काय झालं, त्याची वही मागा. वही नसेल तर नवी आणून पहिलं पान तुम्ही लिहा. आणि शिबिराची वाट न पाहता येत्या रविवारी एकदा गावात जाऊन या.